राळा : व्यवहार नाही

दाणाबंदरच्या आमच्या भावपत्रकात
गहू पहिल्या ओळीत,
तांदूळ त्याच्याखालच्या अकरा ओळी अडवून,
मग ज्वारी, बाजरी, मका,
आणि अगदी तळाशी, जिथं कागद मुडपतो तिथं,
राळा.
त्याच्यासमोर एकोणीस वर्षं
मी एक आडवी रेघ ओढत आले.

शेठ म्हणायचे, काढून टाक ती ओळ,
तेवढ्यात तूरडाळीची एक जाहिरात बसेल.
मी म्हणायचे, भोगीपर्यंत राहू द्या.

भोगीच्या आदल्या आठवड्यात खरंच
रेघेच्या जागी आकडा यायचा.
चार-सहा गोण्या उतरायच्या,
गिरगाव, लालबाग, दादर,
कुणी पाव किलो, कुणी त्याहून कमी,
एका वेळच्या भातापुरती तेजी.
संक्रांतीला सकाळी सगळे गोड बोलायचे
आणि राळ्यासमोर पुन्हा रेघ.

बबन शेडगे सांगायचा,
पाठीवर घेतलं की कळतं, ताई.
गहू बसतो. तांदूळ सरकतो.
हा मात्र वाहतो.
एकेरी गोणीच्या विणीतून गळत
टेम्पोपासून गाळ्यापर्यंत
त्याच्यामागं पिवळी वाट,
आणि त्या वाटेवर पारवे, हक्कानं.

उरल्या मालाला गिऱ्हाईक एकच,
क्रॉफर्ड मार्केटातला यासीन पिंजरेवाला.
तो राळा म्हणत नसे, कांग म्हणे,
आणि आठ आण्यांसाठी तासभर भांडून झालं की
म्हणे, बाई, माझे खाणारे बोलत नाहीत ना,
म्हणून मला बोलावं लागतं.

मग खेराजभाई गाला, दलाल,
अजूनही रुमालाखाली बोटं धरून सौदा करणारे,
एका सोमवारी टेबलाशी येऊन म्हणाले,
कर्नूलहून कोर्रा येतोय, दोन ट्रक, लिहून घे.
पुढच्या आठवड्यात दावणगेरेहून नवणे.
त्यानंतर मदुराईचा फोन,
पलीकडचा माणूस सारखा तिनै, तिनै म्हणत होता.
मी तीन नव्या ओळी आखल्या.
देशात तीन नवी धान्यं आली
आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही,
असं वाटून जरा रागही आला.

नमुन्याच्या पुड्या आल्या.
तिन्ही एका कागदावर सोडल्या,
बोटानं ढवळल्या,
आणि मग मला त्या परत वेगळ्या करता येईनात.

दुपारभर बसले होते त्या ढिगापाशी.
चहावर साय धरली.
संध्याकाळी ओळींची बेरीज केली,
राळा सातव्या ओळीवर गेला.

आता त्याची पाकिटं होतात,
खिडकीवाली, आत बघता येईल अशी.
डॉक्टर लिहून देतात,
साखर झालेले वाचून घेतात,
आणि भाव असा
की मी तो दोनदा फोन करून खात्री केल्याशिवाय छापत नाही.
गोण्या प्लास्टिकच्या, तोंडं मशीननं शिवलेली.
बबनचा मुलगा उचलतो,
त्याच्यामागं काही सांडत नाही.
पारवे तरी येतात, बघतात, उभे राहतात.

यासीन परवा येऊन गेला.
पत्रक हातात घेऊन
खालून वर बोट नेत राहिला,
त्याला कांग सापडेना.
मी सातवी ओळ दाखवली.
बराच वेळ गप्प होता.
भरडलेली बाजरी घालतोय पिंजऱ्यात, म्हणाला,
उचलतात, बघतात, टाकून देतात.
बाई, माझ्या पाखरांचं पथ्य
ह्या माणसांना कुणी सांगितलं?

त्याच्यासाठी नमुन्याच्या पुड्या
एकत्र बांधून ठेवते हल्ली.
महिन्याला मूठ-दीड मूठ होते.
हे पत्रकात येत नाही.

शेवटच्या ओळीत आता बर्टी आहे.
रेघ तिच्यासमोर.
काल शेठ म्हणाले, हिला कोण विचारतं? काढ.
मी पेन्सिलीला टोक करत होते.
म्हटलं, थांबा,
बाहेर कुठं कुठं हिला काय म्हणतात
ते आधी विचारून घेते.