ताप शोधताना

रात्री सव्वादोनला तिघांनी धरून आणलं त्याला,
सराफ्यातून, लोडिंग रिक्षात.
पायात एकच चप्पल.
वॉर्डबॉय बांधायचे पट्टे घेऊन आलाच होता.
म्हटलं, राहू दे. आधी एक ट्यूबलाइट बंद कर
आणि ही गर्दी बाहेर काढ.

मी दाराजवळ बसले, दार न अडवता.
त्यालाही दिसायला हवं, की जाता येतं.

निनाद खासगीवाले, वय बावीस,
मामाच्या पेढीवर हिशेब लिहितो.
पाच रात्री झोप नाही.
पाण्यात काही कालवतात, म्हणून कालपासून पाणीही नाही.
मामा पुटपुटला, "थेट बाणगंगेलाच न्यायचं का?"
आमच्या इंदुरात हे नाव
हट्टी पोरांना भीती घालायला ठेवलंय.

"मॅडम, ते घड्याळातून बोलतात."
खोटं आहे, असं म्हणाले नाही. खरं आहे, असंही नाही.
म्हटलं, मला ऐकू येत नाही. तुला येतं,
आणि तुला झोपू देत नाही, एवढं कळतंय.
काय सांगतात?
बराच वेळ गप्प. मग,
"गच्चीवर ये म्हणतात."
ते लिहून घेतलं. अक्षर हललं.

मग हात मागितला. त्याने दिला.
खरं सांगू? मी ताप शोधत होते.
असू दे एकशे दोन,
मान ताठ असू दे, साखर चाळीस निघू दे,
रंगपंचमीची भांग, डोक्याला लागलेला मार,
काहीही, ज्यावर बोट ठेवता येतं.

ताप नाही. साखर एकशे आठ.
बाहुल्या सारख्या.
वार विचारला, तर माझीच चूक काढली:
"बुधवार कसला मॅडम, बारा वाजून गेले. गुरुवार."
इतका शुद्धीवर.
आणि कुठल्या कुठे.

गोळी की इंजेक्शन, त्यालाच विचारलं.
गोळी. पण पाकीट त्याच्यासमोर फोडायचं.
फोडलं. बाटलीचं सील त्याने स्वतः तोडलं,
आणि अर्धी बाटली एका दमात.

साडेतीनला झोप लागली.
दर पंधरा मिनिटांनी उठून श्वास मोजते आहे.
मामाला सांगितलं, बाधा नाही, आजार आहे.
"म्हणजे बरा होतो ना?"
पुष्कळदा, म्हणाले.
त्याला नुसतं 'हो' हवं होतं.

पाकिटावर लिहिलं:
पट्टा एक. चप्पल एक.
घड्याळ एक, बंद.
सेल त्यानेच काढून फेकलाय, मामा म्हणतो, सोमवारीच.
तरी पाकीट चिकटवण्याआधी
कुणी बघत नाही असं पाहून
मी ते कानाला लावलं.