अक्षराची खोली

छापखाना बंद झाला तेव्हा माझ्याकडे उरली
एक लाल पेन्सिल आणि चुका दिसायची खोड.
म्हणून दर गुरुवारी शिवडीला,
गोदामांच्या मागे, मल्लेश धोत्रेंच्या पत्र्याच्या शेडमध्ये
दगडावर जायच्या आधी मी कागद वाचते.
ते म्हणतात, कागदावर असते तोवर चूक, बाई.
दगडावर गेली की ते त्या माणसाचं नाव होतं.

त्या आठवड्यात चार कागद होते.

फ्लोरा मिस्किटांचा, नवऱ्यासाठी :
'आता त्याच्यावर प्रकाश आहे.'
कुर्ल्याच्या विहारातल्या फलकाचा; तिथं शेवटी एकच शब्द, निब्बान.
पहिला ब अर्धा, मी समासात लिहिलं, पुरा कोरू नका.
बसलिंगप्पा हुमनाबाद्यांच्या मुलानं आणलेला : लिंगैक्य.
आणि सॅम्सन झिराडकरांच्या आईची पाच हिब्रू अक्षरं.
मला वाचता येईनात, तर त्यांनीच अर्थ सांगितला :
तिचा जीव जित्यांच्या गाठोड्यात बांधला जावो.

चहा गार होईपर्यंत मी बघत बसले.
एकाचा दिवा लागतो.
एकाचा विझतो, आणि विझणं हेच पोचणं.
एक थेंबासारखा मिसळून जातो, शोधूनही सापडणार नाही असा.
आणि एक म्हातारी गाठोड्यात, गाठ मारून, नीट,
कुणी हरवू नये म्हणून.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं, सगळ्या नद्या सागराला मिळतात.
बाईंनी फळ्यावर नद्या काढल्या होत्या निळ्या खडूनं.
पण दिवा विझलेला आणि दिवा लागलेला
एकाच खोलीत भेटले
तर एकमेकांचं तोंड दिसेल का त्यांना?

मी धोत्रेंना विचारलं,
सगळ्यांची अक्षरं सारखीच खोल घेता ना?
छे, ते म्हणाले. कडप्पा पापुद्र्यांचा, जास्त गेलं की सोलून येतो.
संगमरवर खाऱ्या हवेत झिजतो, त्याला खोल लागतं.
ज्या दगडाला जेवढी सोसते तेवढी.
आणि धूळ? शेवटी धूळ तरी एकच?
त्यांनी हाताचे दोन्ही तळवे पुढे केले.
एक पांढरा, एक काळा.
मग खोकले, बराच वेळ.

मी चारही कागदांवर, त्या त्या शब्दापुढे,
लाल पेन्सिलीनं एकेक प्रश्नचिन्ह टाकलं.
जुनी सवय. 'लेखकास विचारावे' एवढाच त्याचा अर्थ.
कुठला लेखक, हे मात्र मी लिहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी शेडमध्ये शिरले
तर फ्लोराबाई दगडासमोर उभ्या, पर्स छातीशी धरून.
'आता त्याच्यावर प्रकाश आहे?'
धोत्रेंच्या डोळ्यांत वर्षभर पांढरं उतरलंय.
त्यांना ते अक्षरच वाटलं होतं.

फ्लोराबाई आधी धोत्रेंवर चिडल्या, मग माझ्यावर,
मग मेलेल्या फ्रान्सिसवर : जिवंत असतानाही
प्रार्थना चालू असली की मधेच विचारायचा, खरंच का गं?
मी बुजवून देतो म्हणाले धोत्रे, राळ आणि भुकटी भरून.
त्यांनी त्या आकड्यावरून बोट फिरवलं,
वरून खाली, वळणावर जरा थांबून.

तीनशे रुपये कमी करा, त्या म्हणाल्या.
आणि राहू दे.

त्या गेल्यावर मी उरलेले तीन कागद उचलले,
खोडरबर शोधायला लागले.
धोत्रे छिन्नीला धार लावत होते, माझ्याकडे न बघता म्हणाले :
आकडा सोपा होता, बाई. हात आपोआप वळतो.
खालच्या टिंबाला अर्धा तास गेला.
टिंब खोल खोल जातो.
थांबायचं कुठं, कळत नाही.