मधलं तेल

पाच लिटरच्या कॅनवर मी मार्करनं लिहिलं होतं:
इथेनॉल. पिऊ नये.
सर्जेकोटच्या जेटीवर बापानं ते मोठ्यानं वाचलं
आणि झाकणाला हात न लावता कॅन मला परत दिला.
“माका सोडूक लावलंस, नि आता इंजनाक पाजतंस?”

अकरा महिने झाले त्याला.
हातांचा थरकाप गेलाय, चहातली साखर वाढलीय.

शंभरात दहाच, मी सांगत होते,
धूर कमी होतो, कॉलेजातलं इंजिन
टेबलावर दोनशे तास चाललं.
“तुझ्या टेबलाक खारो वारो लागता?”

खिडकीत बाटली ठेवली, बूच सैल.
पहिल्या दिवशी नितळ.
तिसऱ्या सकाळी दोन थर:
हवेतलं पाणी पिऊन दारू तळाला जाऊन बसलेली,
कुणाशी न बोलता.

बाप बराच वेळ बघत राहिला.
“दोघांचा पटना नाय. मधी कोणतरी होयो.”
मग माळ्यावरून उंडेल काढलं,
होडीच्या फळ्यांना चोपडायचं ते, हिरवं, कडू.
मी ते कुडाळला नेलं, शिजवलं, धुतलं, गाळलं,
तिघांना एकत्र ढवळलं.
आठवडा झाला, बाटली फुटून वेगळी झाली नाही.

रविवारी ‘सातेरी’च्या टाकीत ओतलं.
त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडवर टेकवलं,
मूठ कानाला, डोळे मिटून.
“पेटूक उशीर करता. ठोको मागसून पडता.”
माझ्या वहीत तेच होतं, मिलिसेकंदांत.
पाना घेऊन त्यानं पंप केसभर फिरवला.

बंदराच्या तोंडाबाहेर जाऊन आलो.
उलट्या वाऱ्याला दम जरा कमी पडला.
धूर कावळ्याचा बगळा नाही झाला,
साळुंकी तरी झाली, असं तांडेल म्हणाला
आणि पुढच्या खेपेला साधंच डिझेल भर म्हणाला.

घरी येण्याआधी बापानं साबणानं तीनदा हात धुतले.
तरी आई दारात उभी होती,
रोज उभी असते तशी, श्वास घेत.
त्यानं काही न बोलता दोन्ही तळवे पुढे केले.
तिनं वास घेतला. पुन्हा घेतला.
“कॅन पडवीत ठेव गो,” मला म्हणाली,
“चुलीपासून लांब.”
आणि बांगडे तव्यावर टाकायला आत गेली.