माप

कौतिकाबाईंनी बांगड्या स्वतःच उतरवल्या,
साबणाच्या पाण्यात हात बुडवून, एकही न फोडता.
"वाढवल्या," म्हणाल्या. कासारणीच्या तोंडी
दुसरा शब्द येत नाही.
ट्रेमध्ये मी मोजून ठेवल्या. अकरा.
"एक बाजारातच वाढली, छातीत कळ आली तवा."

पिंपळखुट्याचा बाजार. गुळवाल्याच्या बाजूला
यांचं पोतं पसरलेलं असायचं.
मी सातवीत. माझा पंजा असा चेपला होता त्यांनी
की आत हाडं आहेत हेच विसरावं.
आणि न मोजता सांगितलं होतं:
"दोन-चार. नरम हाय हात, पोरी."

आज वर्ध्याला, या थंड खोलीत,
त्यांच्या मनगटावर जेल लावून
मला मात्र मशीन लागतं.
पडद्यावर काळा ठिपका, उघडझाप करणारा,
त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत
एक पॉइंट नऊ मिलिमीटर.
तीळ आडवा धरला तर एवढाच.
इथून हृदयापर्यंत जायचं आहे.

फुलझेले सर सहाची नळी मागतात.
सहाची बाहेरून अडीच भरते, मी म्हणते.
सर गप्प. जांघेतून जाता येईल,
पण मग पाय न हलवता उताणं पडून राहायचं,
आणि या बाईला मांडी घालून बसायची
चाळीस वर्षांची सवय.

कौतिकाबाई सगळं ऐकत असतात.
"म्हंजे नस हे बांगडी, अन् नळी हे हात.
मंग थोराड हात कायले घुसवता, बापू?
लहान हाताची बोलवा. जोर केला का काच जाते."

जिभेखाली फवारा. थांबलो.
दोन पॉइंट तीन.
सर म्हणाले, पाचची द्या.

त्याआधी मूठ आवळायला लावली,
दोन्ही नसा दाबून धरल्या, तळहात पांढरा पडला,
मग करंगळीकडची सोडली
आणि लाली परत येईपर्यंत आकडे मोजले.
सहाला आली. एक बंद पडली तरी
दुसरी हात सांभाळेल.

संध्याकाळी मनगटावर हवेचा पारदर्शक पट्टा.
दर वेळी सिरिंजनं थोडी हवा काढायची,
रक्त येत नाही ना बघायचं.
त्यांनी तो डाव्या अंगठ्यानं चाचपला.
"ढगळ हाय. दोन-आठ असन."

मग तोच अंगठा माझ्या पंजावर, दाबून.
"अजून दोन-चारच हाय वो तू.
अन् हात असा रिकामा कावून?"

ड्युटीवर चालत नाहीत, म्हटलं.

ट्रे त्यांनी माझ्याकडे सरकवला.