सव्वासहाशे

एसी बंद करायचा, पंखासुद्धा.
नाहीतर आवाजात घरघर येते, ती म्हणते.
सोहारचा जुलै, रात्रीचे साडेदहा.
खिडकीखाली ट्रक बंदराकडे वळतात
तेवढा एक आवाज आपल्या हातात नाही.

फ्लॅटमध्ये मोकळी भिंत एकच, फ्रीजशेजारची.
तिथं शाळेतून आणलेला पांढरा फळा.
शाळेनं जूनमध्ये पत्र दिलं, पटसंख्या घटली म्हणून,
आणि हिनं कपाट आवरताना विचारलं,
हा कोपरा तुटलेला नेऊ का?
सतरा वर्षांत तिनं मागितलेली
बहुधा ही एकच वस्तू.

स्टँड तिसऱ्या दिवशी मोडला.
तेव्हापासून फोन मी धरतो.
दिवसभर क्रेनवर बसणाऱ्याचा हात हलत नाही
हे तिला ठाऊक आहे.
गणित येत नाही, हेही.
दहावीला दीडशेपैकी एकोणतीस.
निकाल खिशात घालून मी थेट मामाच्या होडीवर गेलो होतो.

"नमस्कार मुलांनो," ती म्हणते, आणि अडते.
मुलं कुठं आहेत?
समोर मी, गंजीफ्रॉकवर,
माझ्यामागं वाळत घातलेले टॉवेल.
इतकी वर्षं इंग्रजीतून शिकवलं तिनं.
आता लंब, पाया, कर्ण
नव्या चपलांसारखे घालून बघते,
खरं तर तेच जुने, बाणकोटच्या शाळेतले.

"समजा, भिंतीला एक शिडी टेकवली आहे."
मला शिडी दिसत नाही, बूम दिसतो.
पाया पंधरा मीटर, उंची वीस,
आणि हुकाला लोंबणारं काहीतरी
ज्याच्याखाली कुणी उभं राहू नये.
रोज हा त्रिकोण मी आभाळात काढतो नि पुसतो.
त्याच्या तिसऱ्या बाजूला नाव आहे
हे मला कुणी सांगितलं नव्हतं,
किंवा सांगितलं असेल, मी होडीवर असेन.

पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस, ती लिहिते.
विसाचा चारशे.
बेरीज: पाचशे पंचवीस.
आणि वर्गमूळ शोधू लागते.
बावीस? नाही. तेवीस?
मार्कर हवेत थांबलेला.
मानेवरून घामाची एक रेघ सरळ खाली.

"सव्वादोनशे नि चारशे,"
मी बोललो, म्हणजे तोंडातून गेलं,
"सव्वासहाशे होतात, तहसीन."

बाबा नारळ असेच मोजायचे.
सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे.
पंचवीस पंचे सव्वाशे मी पाढ्यात नाही शिकलो,
ढिगावर बसून शिकलो, शेंड्या धरून.

ती फळ्याकडे बघते, मग फोनच्या वरून माझ्याकडे.
डस्टर असताना तळव्यानंच पाच पुसते,
सहा करते.
"पंचवीस," ती म्हणते. "कर्ण पंचवीस."
आणि हसू येऊ नये म्हणून
पुन्हा एकदा अधोरेखित करते.

मी म्हटलं, पुन्हा घेऊ, पहिल्यापासून.
तांब्याभर पाणी पिऊन म्हणाली, नको,
असंच जाऊ दे.
बाई चुकतात हे कळू दे त्यांना.
शाळेत मी हे कधी दाखवलंच नाही.
आणि माझा आवाज?
तोही.

आज जेवणाच्या सुट्टीत खाली उतरलो नाही,
केबिनमध्येच डबा उघडला.
पाहणारे एकतीस.
त्यातला नऊ वेळा मीच असेन.
सात मिनिटांनंतर कुठंतरी
एक माणूस कॅमेऱ्यामागून सव्वासहाशे म्हणतो,
घोगरा, थोडा घाबरलेला,
जणू त्याला कुणी उभं केलंय वर्गात.

खाली रिगरची शिटी. वजन बांधून तयार.
फोन उशीखाली सारून मी बूम उचलला,
नि पहिल्यांदाच, उचलता उचलता,
मनात पाया मोजला.

उद्या वर्तुळ आहे.
तिनं सांगून ठेवलंय, टॉवेल काढ,
आणि मध्ये बोलायचंच असेल
तर जरा मोठ्यानं बोल.