काजूच्या चिकाचे ठसे

पहाटे साडेचारला वेंगुर्ल्याच्या बंदरातून
होड्यांची इंजिनं धडधडत निघतात,
तेव्हा मी चष्म्याची दोरी मानेत अडकवते
आणि बायबल उघडते.
आधी हात धुते. उपयोग नसतो.
कारखान्यात राख फासून बी फोडली तरी
चीक बोटांत उतरतोच,
आणि पातळ पानांच्या कडेला
माझे काळे ठसे राहतात.
कुठे थांबले होते ते पुस्तकच मला सांगतं.

काही सकाळी काहीच कळत नाही.
अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा,
पानभर नुसती नावं.
मी ती मस्टरसारखी वाचते,
प्रत्येक नावापाशी जरा थांबते,
मागच्या रांगेतून कुणी "हजर" म्हणतंय का बघत.
एकदा तिथेच डोळा लागला
आणि चहाचं आधण आटून गेलं.

मग ते शेताच्या कडेचं.
कापताना कोपरे सोडा, पडलेलं वेचू नका,
ते परक्याचं, विधवेचं.
मला कुठलं शेत? चार गुंठे, तीन माड
आणि गडग्यापाशी एक काजू.
ठरवलं, गडग्यापलीकडे पडेल ती बी माझी नाही.
शेवंतीची पोरं आली, ओच्यात भरून घेऊन गेली.
मी खिडकीआडून मोजल्या.
एकतीस.
देवा, सोडल्या मी, पण मोजल्या.

एक पान मात्र कोरं होतं.
दमट हवेनं चिकटलंय असं स्वतःला सांगत
तिथे दोन पानं एकदम उलटायची मी.
गुरुवारी ती सुटी झाली.
आपोआप नाही, नखानं सोडवली.
दान घेऊन वेदीशी आलीस आणि आठवलं,
तर ते तिथेच ठेव,
आधी भावाकडे जा.

भाऊ म्हणजे इनास. वहाळापलीकडचा.
आई गेली त्या वर्षापासून बोलणं बंद,
विहीर एक, दोर दोन.
वाचता वाचता मी वकील झाले:
थोरला तो, पाऊल त्यानं आधी टाकायचं.
आईच्या उशाशी कोण जागलं?
मग ओळ पुन्हा वाचली, बोट ठेवून,
तर माझी तक्रार तिथे कुठे नव्हतीच.
त्याच्या मनात काही असेल, म्हणत होती ओळ.
त्याच्या. माझ्याविरुद्ध.

काय असणार?
बाहेर रापण ओढायला कुणी हाका घालत होतं.
आठवलं. म्हणजे विसरले कधी नव्हतेच.
मे महिन्यात त्याची मनीऑर्डर आली होती,
दोन हजार, तो बोटीवर असताना.
शेवटची औषधं त्यातूनच आणली.
आणि आईच्या महिन्याच्या मिस्साला
मीच अख्ख्या वाडीला सांगितलं होतं,
"एक पैसो धाडूक नाय तेनी."

साकव ओलांडला. हातात काही नव्हतं.
तो पायरीवर बसून गळाला दोरी बांधत होता.
वर न बघता म्हणाला, "वाट चुकलंस काय गो?"
मी म्हटलं, "तुझो दोर कुजलो हा.
बदल, नायतर कळशी जातली."
"बदलतंय."
मग बऱ्याच वेळानं, "च्या घेतंस?"
घेतला. साखर जास्त होती, आई घालायची तशी.
मनीऑर्डरचं ओठावर येऊन पुन्हा खाली गेलं.
ते उद्या. नाहीतर परवा.
पान तर आता उघडं आहे.

कारखान्यात पोचायला वीस मिनिटं उशीर.
मुकादमानं अर्धा दिवस कापला,
पेन्सिल थुंकीनं ओली करत विचारलं,
कारण काय लिहू?
मी राखेत हात घालत म्हटलं,
पाणी लिही.
विहिरीचं.