पाऊण मीटर

बैकाल सरोवरावर फेब्रुवारीत रस्ता असतो
आणि मे महिन्यात तिथेच पाणी.
याचं नवल वाटणारे आम्ही, बाहेरचे.
दाशिनिमा सव्वीस हिवाळे या रस्त्यावर ट्रक हाकतोय,
दार उघडं ठेवून, पट्टा न लावता,
म्हणजे बर्फ फाटला तर उडी मारता येते.

ट्रकमध्ये काचेचे गोळे, कलिंगडाएवढे,
प्रत्येकात एक डोळा, खाली तोंड केलेला.
आकाश पाहायचं तर आम्ही खाली पाहतो.
पलीकडच्या गोलार्धातून, अख्खी पृथ्वी ओलांडून
एखादा कण येतो, पाण्यात निळसर ठिणगी टाकतो
आणि ओळख न दाखवता निघून जातो.
त्याच्यासाठी दोर सोडायचा, तेराशे मीटर, तळाशी.
विश्वाचा अंत पाहायला आलो होतो;
पहिल्याच आठवड्यात वाऱ्याने आमचा पाहिला.

संध्याकाळी खोपटात चहा.
झोया अर्काद्येव्ना रहाटाच्या दोराचा तुकडा उचलते.
लांबून रेघ, म्हणते. नुसती लांबी.
जवळून बघ: पिळात पीळ, खाचेखाचेत दंव.
तशाच आणखी सहा मिती असतील, सात असतील,
इतक्या घट्ट गुंडाळलेल्या की दंवालाही जागा नाही.
"असतील?" दाशिनिमा विचारतो.
"गणित तसं म्हणतं."
"गणिताने पाहिल्यात?"
ती साखरेचा खडा दातात धरते, त्यावरून चहा पिते.
"नाही."

मग तो स्वतःच्या मोजतो, बोटांवर.
बर्फावर लांबी लागते, कारण डिझेल मोजकं.
रुंदी लागते, कारण भेगा आडव्या जातात.
जाडी. इथे बोट जरा जास्त वेळ थांबतं.
आणि तारीख.
वीस मार्चचा पाऊण मीटर आणि वीस एप्रिलचा पाऊण मीटर
एक नव्हे.
त्याचा भाऊ एर्देम
तीनच मोजून निघाला होता.

रात्री बर्फ ओरडला, या काठापासून त्या काठापर्यंत.
सकाळी एक दोर हाताला हलका लागला.
गोळा सुटला होता. आत हवा; बुडणार कसा,
वर आला, आणि छताला टेकला.
सापडला तो अकरा वाजता,
भोकापासून चाळीस पावलांवर,
स्वच्छ काळ्या बर्फाखाली, आमच्या बुटांखाली,
उलटा होऊन वर बघणारा.

झोया गुडघ्यांवर बसली, हातमोज्याने बर्फ पुसला.
तिच्या विषयात प्रश्न असा असतो:
विश्वाला काठ आहे,
की काठ नसूनही ते संपतं,
आणि सरळ निघालेला शेवटी स्वतःच्याच पाठीशी येऊन ठेपतो.
यावर ती तासभर बोलू शकते. बोलली नाही.

एक ओमुल मासा आला, गोळ्याला हुंगून गेला.
त्याच्या जगाचा वरचा काठ हा:
कडक, नाक लावता येण्याजोगा.
याच्या पलीकडे काय, असं विचारणारा मासा
माशांत वेडा ठरत असेल.
पलीकडे आम्ही होतो.
ट्रक, चुलीचा धूर, अर्धं सॉसेज, तीन माणसं,
आणि तिघांपैकी कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

दाशिनिमाने वोडकात अनामिका बुडवून
चार दिशांना शिंतोडे उडवले. पाचवा खाली.
जरा थांबून सहावा वर, घाईघाईने,
उरलेला घोट गिळायच्या आधी.
"अजून किती दिशा आहेत म्हणालीस?"
झोयाने बाटली उजेडात धरून पाहिली.
"पुरणार नाही."

नोंदवही माझ्याकडे होती.
गोळा क्रमांक दोनशे बारा. स्थान.
पुढे रकाने तीनच.
ते भरले, आणि समासात तारीख टाकली.
तोवर करवत आली होती.